इंजन मांडीजवळ नको

सात महिने आमच्या घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जात होतं. एकदा आप्पा आईला सांगायचे आणि एकदा आई मला. आप्पा माझ्यापासून चार फुटांवर बसलेले असायचे आणि मला सगळं स्वच्छ ऐकू यायचं, पण पद्धत म्हणजे पद्धत. "तुझ्या लेकाला सांग, पेपर आधी मला पायजे." मग आई मेथी निवडता निवडता, "युवराज, पेपर आधी त्यांना पायजे म्हणालेत." मी पेपर आप्पांच्या पुढ्यात ठेवायचो आणि आईला म्हणायचो, "ठेवलाय म्हणून सांग." मीही त्यांचाच मुलगा आहे म्हटलं.

गुन्हा माझा एवढाच की मी स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा डोळा कमी झालाय, आता गाडी बंद. आप्पा म्हणजे भावकू आप्पा, सगळ्या मच्छे गावाचे आप्पा, बेळगाव-निपाणी बस एकतीस वर्षं चालवलेला माणूस. रेकॉर्डवर एक ओरखडा नाही. अशा माणसाला डॉक्टरनं गाडी बंद सांगितलेली चालली, पण स्वतःच्या पोरानं किल्ली लपवली हे चालेना. "तांदळात!" असं ते आईला म्हणाले होते. "दरोडेखोर असल्यागत तांदळात!" त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. मला वाटलं, आठवडाभर चालेल. मग पाडवा गेला, बेंदूर गेला, गणपती गेले. आरतीच्या वेळीही ते माझ्याकडे न बघता तबक पुढे करायचे.

आमच्या वरच्या मजल्यावर प्रशिक राहतो. पॉलिटेक्निकला शिकवतो, मला अण्णा म्हणतो आणि कधी विचारल्याशिवाय सल्ला देत नाही, त्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीत तो जरा विक्षिप्तच गणला जातो. त्याच्याकडे सत्यनारायण वगैरे नसतो, पण वाढदिवसाला बोलावतो. असंच बोलावलं होतं, तेव्हा आप्पा तिथल्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले ते राहिलेच. पडद्यावर बस होती. स्टिअरिंग, गिअर, आरसे, वायपर, सगळं. प्रशिक घाटातून चालवून दाखवत होता. आप्पा तासभर त्याच्या पायांकडे बघत होते. जिना उतरताना आईला म्हणाले, "ब्रेक बरा हाय."

सात महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द. मी त्याच पायरीवर ठरवलं की घरात बस आणायची. बस आली की आप्पा चालवणार, चालवताना काहीतरी अडणार, अडलं की मला हाक मारणार. माझा सगळा हिशोब त्या एका हाकेसाठी होता.

मी प्रशिकला विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, घरातच खेळायचं ना? मग डेस्कटॉप घ्या. मोठा पडदा मिळतो, गरम कमी होतो आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. बाहेर न्यायचा असेल तरच लॅपटॉप." चार वाक्यांत विषय संपला. इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "बघतो, विचार करतो."

विचार करायला लागलो ही बातमी दुसऱ्या दिवशी सोसायटीभर झाली. आमचे सेक्रेटरी नागेंद्र, वीज खात्यातून रिटायर झालेले, खाली पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "डेस्कटॉप बेडा री, नकोच, युवराज सर. लई करंट खातंय. लाईट गेली की मध्येच बंद. तुमची बस घाटात, लाईट गेली, मग?" मी विचारात पडलो. खरंच, मग? "लॅपटॉपला बॅटरी असते री. प्रवासी सुखरूप उतरतात."

माझ्या बायकोचा, दिपालीचा, मुद्दा आणखी वेगळा. "अहो, तो डबा ठेवणार कुठं? हॉलमध्ये? माझ्या भिशीच्या बायका आल्या की म्हणतील, ह्यांच्यात सायबर कॅफे काढलाय. लॅपटॉप कसा, मिटला की कपाटात." आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला दोन्हीतलं कळत न्हाय. सैपाकघरात तेवढं आणू नका."

शेवटी गाडी ज्यांनी चालवायची त्यांनाच विचारावं म्हणून मी आईमार्फत अर्ज केला. आप्पांनी पेपर खाली न घेता विचारलं, "त्याला इचार, इंजन कुठं हाय?"

मी आईला म्हणालो, "सांग, डेस्कटॉपचं वेगळ्या पेटीत, बाजूला. लॅपटॉपचं हाताखालीच."

"मग मांडीजवळ इंजन नको म्हणून सांग," आप्पा म्हणाले. "जुन्या गाडीत इंजन ड्रायव्हरशेजारी असायचं. एकतीस वर्षात डाव्या पायाच्या किती विजारी भाजल्यात, तुला ठाऊक हाय. तूच ठिगळं लावलीस."

"व्हय बाई, लई लावली," आई म्हणाली, आणि हे वाक्य तिनं मला पोचवायची गरज ठेवली नाही.

म्हणजे बघा. प्रशिक डेस्कटॉप म्हणाला, आप्पा डेस्कटॉप म्हणाले. दोन्ही जाणकार एका बाजूला. आणि मी खडेबाजारात जाऊन लॅपटॉप घेतला. का घेतला? नागेंद्र आणि दिपालीचं नाव पुढे करता येईल, पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू. सौरवच्या दुकानात तो लॅपटॉप काळाकुट्ट, किबोर्डखाली तांबडा उजेड, असा उघडून ठेवला होता, आणि माझ्या मनात आलं की हा एखाद दिवशी ऑफिसात नेला तर सगळे बघत राहतील. सौरवनं विचारलं, "गेमिंग कोण करणार, सर? मुलगा?"

"वडील."

"वय?"

"चौऱ्याहत्तर."

त्यानं दुकानातल्या सगळ्यांना बोलावून मला दाखवलं. मग ग्राफिक कार्ड, रॅम, रिफ्रेश रेट असं काय काय तो सांगत गेला आणि मी कर्जाच्या फायली तपासताना मान हलवतो तशी हलवत गेलो. स्टिअरिंग आणि तीन पेडलांचा सेटही त्यानंच दिला. एकच प्रश्न मी त्याला विचारायला हवा होता, तो नाही विचारला, की हे स्टिअरिंग बसवायचं कशावर.

आमचं डायनिंग टेबल काचेचं. स्टिअरिंगचा शिकंजा काचेवर आवळला की काच कुरकुरायची आणि तिच्या जोडीला दिपाली. शेवटी आईचं शिलाई मशीन बाहेर काढलं, वरचं यंत्र उतरवलं आणि त्या लाकडी फळीला स्टिअरिंग जखडलं. पेडलं फरशीवर घसरायला लागली तेव्हा आईचा मसाल्याचा पाटा त्यांच्यामागे लावला. त्या दिवसापासून घरात वाटण बंद. आई म्हणाली, "सैपाकघरात आणू नका म्हटलं, तर सैपाकघरच भाईर न्हेलं की रं."

मुहूर्त खंडेनवमीचा. आता ड्रायव्हरच्या घरातली खंडेनवमी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात ड्रायव्हर आहे त्यालाच ठाऊक. आप्पा सात वाजता आंघोळ करून, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले. स्टिअरिंगला झेंडूची माळ, लॅपटॉपला हळदीकुंकू. मग त्यांनी आईला विचारलं, "चाकं कुठं हायत इचार. लिंबं ठेवायचीत."

मी लॅपटॉप उलटा करून दाखवला. खाली रबराचे चार पाय होते. आप्पांनी ते बोटानं दाबून पाहिले, समाधानानं मान हलवली आणि चार पायांखाली चार लिंबं ठेवली. मग आम्ही सगळ्यांनी अक्षता टाकल्या. गाडी मी आणलेली, तेव्हा मोठी मूठ माझी होती. प्रशिक वरून आलेला, तो खाली वाकून लिंबांकडे बघत म्हणाला, "अण्णा, हे बेस्ट आहे. खालून हवा खेळते. असंच ठेवा."

आणि आप्पा बसले. काय सांगू! पहिल्याच फेरीला समोरून येणारी प्रत्येक गाडी अंगावर यायला लागली, कारण पडद्यावरचा देश परदेशी आणि आप्पा आपल्या डाव्या बाजूनं. "तुझ्या लेकाला सांग, ह्या मुलखात कुणालाच लायसन दिलेलं न्हाय," असं ते म्हणाले. प्रशिकनं काहीतरी बदलून सगळ्या देशाला डावीकडून चालायला लावलं. मग बस सुटली. बाहेर बर्फ, पाइनची झाडं, आणि आप्पा प्रत्येक थांब्यावर निपाणी रस्त्यावरच्या गावाचं नाव घेणार. "काकती! हत्तरगी! संकेश्वर, संकेश्वरवाले पुढं या!" दर वळणावर हॉर्न. वळणावर हॉर्न न देणारा ड्रायव्हर आप्पांच्या मते माणसातच जमा नाही.

दोन दिवस हे सुख चाललं. माझ्याशी मात्र अजून बोलणं नाही, कारण गाडी इतकी गुणी निघाली की काही अडेचना. तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. फ्लॅट क्रमांक २०३ मध्ये अवजड वाहन चालवले जात असून दुपारी दोन ते चार हॉर्नचा उपद्रव होतो, तरी खुलासा करावा. नागेंद्र स्वतःच नोटीस घेऊन आले आणि स्वतःच तिचं मराठी करून दिलं. आयुष्यभर खुलासे मागवण्यात गेलेला मी, मला खुलासा मागतात! मी ऑफिसच्या भाषेत दोन पानं लिहिली. सदर वाहन चित्ररूप असून त्यास धूर नाही, सबब पार्किंगचा प्रश्न उद्भवत नाही. नागेंद्रनी वाचलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर री. पण वाहन नंबर लिहिला नाही. नंबर नसला तर फाईल कशी करणार?" मी आमचा जुना टेलिफोन नंबर लिहून दिला.

याच धांदलीत आईनं लॅपटॉपखालची चार लिंबं काढून त्यांचं सरबत केलं. चार दिवस झाले, वाळत चालली होती, तिचंही चुकलं नाही. लॅपटॉप आता फळीवर सपाट बसला.

शुक्रवारी मी ऑफिसात होतो. पुढचं सगळं आईनं सांगितलेलं. आप्पा हत्तरगीचा चढ चढवत होते आणि लॅपटॉपचा पंखा आधी घुमला, मग किंचाळला, मग गप्प झाला. आप्पांनी फळीवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला काय करायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. "इंजन तापलंय," ते म्हणाले. "गोणपाट भिजवून आण, पळ." घरात गोणपाट नव्हतं. आईनं पंचा भिजवून आणला. आप्पांनी तो व्यवस्थित घडी करून इंजनावर ठेवला आणि गार व्हायची वाट बघत स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. आधी तांबडा उजेड गेला. मग बर्फ गेला. मग सगळंच गेलं.

मी घरी आलो तेव्हा आप्पा बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. पेपर हातात नव्हता. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "एकच बोलले. एकतीस वर्षात कुणाला खरचटू दिलं न्हाय, आन घरात बसून गाडी जाळली म्हणाले. तवापास्नं गप हायत. माझ्याशीबी न्हाय बोलत."

बघा आता. सात महिने निदान अर्ध्या वाटेवरून का होईना आवाज येत होता. मी मेहनत करून तोही बंद पाडला.

सर्व्हिस सेंटर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिथल्या इंजिनिअर उपासना मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात प्रश्न होता, द्रव कोणता आणि कसा सांडला.

"सांडला नाही, मॅडम. घातला."

"कोणी?"

"अनुभवी माणसानं."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, लॅपटॉप आत नेला आणि अर्ध्या तासानं एक स्टीलची बशी घेऊन आल्या. बशीत कुंकू लागलेले तांदूळ होते. झेंडूच्या दोन पाकळ्या होत्या. "सर, लग्न लावलंत का ह्याचं?" त्या जराही न हसता म्हणाल्या. "पाणी नंतर गेलंय. त्याआधी पंखा अडकून बंद पडलाय. ह्या अक्षता जाळीतून पंख्यात गेल्या. कोणी टाकल्या एवढ्या?"

माझी मूठ सगळ्यांत मोठी होती.

"आख्खा बोर्ड बदलावा लागेल. वॉरंटीत बसणार नाही," त्या म्हणाल्या. "पाणीही बसत नाही आणि अक्षताही बसत नाहीत."

घरी जाऊन मी हॉलच्या मध्यभागी उभा राहिलो आणि भाषण करावं तसं मोठ्यानं म्हणालो, "आई, आप्पांना सांग, गाडी त्यांच्या पाण्यानं गेली नाही. माझ्या अक्षतांनी पंखा अडकला. चूक माझी आहे. इंजन मांडीजवळ नको म्हणाले होते तेही मी ऐकलं नाही, ती पण चूक माझी."

आईनं शब्दन्‌शब्द पोचवला. आप्पा मान न वळवता म्हणाले, "त्याला सांग, समजूत काढायला मी बारकं पोर न्हाय."

मग मात्र मी प्रशिकला घेऊन सौरवकडे गेलो आणि डेस्कटॉप आणला. प्रशिकनं 'मी म्हटलं होतं' हे तोंडातून काढलं नाही, त्याचे मी किती आभार मानू. वाटेत दोनदा खोकला तेवढाच. इंजन वेगळ्या पेटीत, शिलाई मशीनपासून हातभर लांब. पडदा एवढा मोठा की दिपालीनं भिशी दुसरीकडे हलवली. आणि आप्पांचा आईमार्फत निरोप आला, "माझी ड्युटी संपली म्हणून सांग. गाडीला हात लावणार न्हाय."

आठवडा गेला. डेस्कटॉप हॉलमध्ये देव्हाऱ्यासारखा उभा, कुणी शिवायचं नाही. एके दुपारी नागेंद्र दार वाजवून म्हणाले, "बस बंद आहे काय री? हॉर्न नाही तर दुपारी झोपच लागेना मला." मी म्हणालो, लेखी द्या. राग कुणावर तरी काढायलाच हवा होता.

रविवारी जेवणं झाली. आप्पा खुर्चीत पेपर उघडून बसले होते, आई त्यांच्या शेजारी खाली शेंगा फोडत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठलो आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलो. आता माझं ड्रायव्हिंग सांगतो. मी स्कूटर चालवतो, तीही गिअर नसलेली. ड्रायव्हरचा मुलगा असून मोठी गाडी मी कधी शिकलो नाही, कारण आप्पा म्हणायचे, तू शीक, साहेब हो. मी शिकलो, क्लार्क झालो.

बस सुरू केली. गचका देऊन बंद पडली. परत सुरू केली. परत बंद. मागे पेपर सळसळला. तिसऱ्यांदा ती निघाली ती चवथ्या गिअरमध्येच, रडत, थरथरत, आणि समोर चढावरचं वळण आलं. माझे पाय तीन पेडलांवर दोन, हिशोब जुळेना. हॉर्न द्यायचा राहिला. कठडा जवळ आला, आणखी जवळ आला.

"युवराज! अरं क्लच दाब, क्लच!"

बस कठडा तोडून नाल्यात गेली. आईनं सवयीनं तोंड उघडलं, "युवराज, क्लच दाब म्हणा..." आणि मध्येच थांबली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आप्पा पेपर टाकून माझ्या मानेशी येऊन उभे होते. "चढाला चवथा टाकतंय कोण? दुसरा, दुसरा टाकायचा! म्हशी हाकालास काय रं? पंचेचाळीस माणसं हायत आत, लेकुरवाळ्या बाया हायत, आन हॉर्न? हॉर्न काय घरात ठिवून आलास? एवढा मोठा घोडा झालास, शाळा शिकलास, अर्धा क्लच म्हंजे काय म्हाईत न्हाय तुला? शरम वाटली पायजे! मागं घे. मागं घे म्हणतो न्हवं! बघ इकडं, माझ्याकडं बघ. पाय असा, टाच खाली, असा सोडायचा, हळू. हां. हळू रं, गाढवा."

मी बघितलं त्यांच्याकडे. डोळ्यांत पाणी आलं, पण म्हटलं ह्यांना वाटेल शिव्यांनी आलं, म्हणून पुसलं नाही. आप्पांनी पायानंच स्टूल ओढलं आणि माझ्या बाजूला बसले. त्यांचा हात माझ्या हातावर, गिअरवर. पहिला. दुसरा. आता सोड. हॉर्न. शाबास.

आणि मला जमायला लागलं. बस चढ चढली, वळण घेतलं, सरळ रस्त्याला लागली. आप्पांनी हात काढून घेतला. समोर बघत, गुडघ्यांवर हात ठेवून ते समाधानानं गप्प बसले. आईही गप्प. सगळं घर गप्प. ती शांतता माझ्या ओळखीची होती, सात महिने मी तिच्यात राहिलो होतो, आणि ती मला एक मिनिटही परत नको होती.

पुढे चांगलं मोठं वळण दिसलं. मी चवथा गिअर टाकला, हॉर्नवरचा हात काढला आणि नाल्याचा नेम धरला.